मानेचा दोष : जन्माचा की अपघाताचा ?



दर महिन्याला या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याचे पाचट असले विषय मांडत असतो. या खेपेस विषय मानेचा आहे. कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याने उसाचे सांगावे, मानेचे सांगायला डॉक्टर आहेत. खरे आहे. आम्ही शेतकी पदविकेचे माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु फडातला ऊस गाडीत चढतो तो अजूनही पुष्कळ ठिकाणी माणसाच्या डोक्यावरून चढतो आणि डोक्यावरचा भार मानेवर येतो. शिवाय या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे हा लेख कशासाठी ते ध्यानात येईल.

आमच्या हातची चूक

२०१८-१९ च्या गळीत हंगामातली गोष्ट. आमच्या गटातील एका फडावर पहाटे ट्रक भरणे चालू होते. तिशीच्या आतला एक तोडणी कामगार मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढत होता. दव पडलेले, फळी निसरडी. पाय सटकला आणि गडी मोळीसकट खाली आला. शुद्ध गेली नाही, रक्त आले नाही. उठून बसला आणि म्हणाला, "साहेब, मान आखडल्यागत झाली."

तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला. त्यात मानेचे दोन मणके एकमेकांना जोडलेले दिसले. "हे जन्माचे आहे" एवढे कानावर आले आणि आम्ही, मुकादम, चिटबॉय सगळेच निर्धास्त झालो. अपघाताच्या नोंदीत आम्ही स्वतःच्या हाताने लिहिले, "मानेत जन्मजात दोष. इजा नाही."

गडी कोपीवर परत गेला. घरच्यांनी तेल लावून मान चोळली. तिसऱ्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या. पाचव्या दिवशी हातातून तांब्या सुटू लागला. मग जिल्ह्याच्या ठिकाणी सी. टी. स्कॅन झाला तेव्हा उलगडा झाला. जोडलेले मणके जन्माचेच होते, पण त्यांच्या लगत खालचा मणका त्या पडण्यात मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पाय शाबूत राहिले. उजव्या हाताची मूठ मात्र पहिल्यासारखी आवळत नाही. कोयता धरून पोट भरणाऱ्या माणसाची मूठ ती ! आणि भरपाईचा विषय निघाला तेव्हा आमचेच ते वाक्य त्याच्या आडवे आले. ते दुरुस्त करून घ्यायला पुढे बरेच हेलपाटे घालावे लागले.

त्यानंतर आम्ही हाडांच्या डॉक्टरांना भेटून, विचारून, वाचून हा विषय समजून घेतला. जे समजले ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

मानेची रचना

मानेत सात मणके असतात. माणसाच्या मानेत सात आणि जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच. पहिला मणका म्हणजे नुसते कडे आहे. त्यावर डोके टेकलेले असते. दुसऱ्या मणक्याला वर एक उभी खुंटी असते आणि ती पहिल्याच्या कड्यात शिरलेली असते. जात्याच्या खालच्या तळीत मधोमध खीळ असते व तिच्याभोवती वरची तळी फिरते, तसेच हे. आपण मान डावी-उजवी वळवतो त्यातले जवळजवळ निम्मे वळणे या एकाच जागी होते.

दुसऱ्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये गादी असते. या सगळ्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. पाटाचा दरवाजा वरच्या अंगाला पडला की खालचे सगळे शेत कोरडे राहते, तसे मानेत मज्जारज्जू दबला तर हातपाय, लघवी, शौच सगळ्यावर परिणाम होतो. श्वासाच्या मुख्य पडद्याच्या नसाही मानेतूनच, तिसऱ्या ते पाचव्या नसेतून निघतात. म्हणून मानेच्या वरच्या भागातली इजा जिवावर बेतते.

जन्माचे दोष कोणते ?

बाळ पोटात असताना पहिल्या दोन महिन्यांतच मणके घडतात. त्या घडणीत काही राहून गेले तर दोष उरतो. यात आईची, खाण्यापिण्याची किंवा ग्रहणाची चूक काढू नये. मुख्य प्रकार असे :

१) जोडलेले मणके : दोन किंवा अधिक मणके वेगळे न होता एकत्र राहतात. क्लिपेल आणि फील या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९१२ साली याचे वर्णन केले, त्यांच्या नावानेच हा विकार ओळखला जातो. आखूड मान, मागे केसांची रेषा खूप खाली आणि मान कमी वळणे ही त्याची तीन लक्षणे. पण तिन्ही एकत्र असणारे निम्म्याहून कमीच. बाकीच्यांना आपल्या मानेत असे काही आहे हे माहीतही नसते. अशा माणसाचे एक खांद्याचे पाते वर चढलेले असू शकते, पाठीला बाक असू शकतो, मूत्रपिंडात किंवा कानात दोष असू शकतो. म्हणून डॉक्टर मूत्रपिंडाची सोनोग्राफी व कानाची तपासणी सांगतात. तो खर्च उगाच नव्हे.

२) कड्यातली फट : पहिल्या मणक्याचे कडे मागच्या बाजूने पुरते जुळलेले नसते. शंभरात सुमारे चार माणसांना अशी फट असते आणि बहुतेकांना तिचा त्रास काहीच नसतो.

३) सुटी खुंटी : दुसऱ्या मणक्याची खुंटी मणक्याला धरून न राहता सुटी गोटी म्हणून राहते. हा दोष क्वचित आढळतो, पण धोक्याचा. जात्याची खीळ ढिली झाली की तळी सरकते, तसा पहिला मणका सरकून मज्जारज्जू दबू शकतो.

४) मानेची बरगडी : सातव्या मणक्याला जास्तीची बरगडी असते. शंभरात एखाद्याला. खांद्यावर-डोक्यावर ओझे वाहणाऱ्याच्या हाताला यामुळे मुंग्या येऊ शकतात.

ताजा घाव आणि जुनी खूण

आता मुख्य मुद्दा. एक्स-रेमध्ये फट दिसली, तुकडा दिसला, तर तो जन्माचा की कालच्या पडण्याचा, हे डॉक्टर कसे ओळखतात ? शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. बांधावरच्या बाभळीची फांदी काल वाऱ्याने मोडली असेल तर मोडलेली जागा खरबरीत असते, तंतू निघालेले असतात. तीच फांदी पाच वर्षांपूर्वी तुटली असेल तर कडेने साल वळून जागा गोल आणि गुळगुळीत झालेली असते. हाडाचेही तसेच असते.

कडा : ताज्या मोडीची कड तीक्ष्ण, वेडीवाकडी असते. जन्माच्या फटीची कड गोलसर असते व तिच्यावर हाडाचे कठीण कवच पूर्ण आलेले असते. ते फोटोत पांढऱ्या रेघेसारखे दिसते.

जुळणी : मोडलेले तुकडे भाकरीच्या दोन तुकड्यांप्रमाणे एकमेकांत बसतात. जन्माची सुटी गोटी लहान आणि गोल असते, ती खालच्या भागाशी जुळत नाही आणि मधली फट रुंद असते.

आकार : जन्मतः जोडलेल्या मणक्यांना जोडाच्या जागी डमरूसारखी कंबर असते, आणि पुष्कळदा मागची हाडेही जोडलेली असतात. क्षयाने किंवा जुन्या इजेने नंतर चिकटलेल्या मणक्यांत अशी कंबर सहसा दिसत नाही.

शेजारी : खुंटी वर्षानुवर्षे सुटी असेल तर पहिल्या कड्याची पुढची कमान जाड व गोल होते, कारण भार तिने उचललेला असतो. खुंटी काल मोडली असेल तर कमान नेहमीसारखीच असते.

कडे फुटले की जन्माची फट : डोक्यावर सरळ मार बसला तर पहिल्या मणक्याचे कडे बांगडीसारखे दोन किंवा जास्त ठिकाणी फुटते व बाजूचे भाग बाहेर फाकतात. इंग्लंडचे शल्यविशारद जेफरसन यांनी १९२० साली ही मोड तपशिलाने मांडली. जन्माची फट बहुधा मधोमध असते आणि बाजू फारशा फाकत नाहीत.

सूज : ताज्या इजेत मणक्यांच्या पुढच्या मांसल भागाला सूज येते. एम. आर. आय. मध्ये हाडातले पाणी आणि तुटलेले अस्थिबंध दिसतात. जुन्या दोषात ही ताजी चिन्हे नसतात.

यापैकी एकाच खुणेवर डॉक्टर विसंबत नाहीत. साध्या एक्स-रेत बारीक मोड सुटू शकते. शंका असली की हाडासाठी सी. टी. आणि मज्जारज्जू व अस्थिबंधांसाठी एम. आर. आय. लागतो. वाकवून-ताणवून काढायचे फोटोही डॉक्टर सांगतील तेव्हाच. ताज्या दुखण्यात मान वाकवून पाहण्याचा खेळ करू नये.

याची उलटी बाजूही आमच्या पाहण्यात आहे. २०२२ साली एका सभासदाचा मुलगा मोटारसायकलवरून घसरला. एक्स-रेत पहिल्या मणक्याच्या मागे फट दिसली. "मणका तुटला" म्हणून घरात रडारड झाली, ऑपरेशनसाठी म्हैस विकण्यापर्यंत बोलणे गेले. सी. टी. मध्ये फटीच्या कडा गुळगुळीत, इतरत्र कुठे मोड नाही, एम. आर. आय. स्वच्छ. फट जन्माची निघाली. काही दिवस पट्टा आणि विश्रांती घेऊन पोरगा कॉलेजला जाऊ लागला. म्हैस गोठ्यातच राहिली. ओळख पटली नाही तर दोन्हीकडून नुकसान : खरी मोड हातची सुटते, नाहीतर नसती शस्त्रक्रिया होते.

दोन्ही एकत्र असू शकते

आमची चूक इथेच झाली होती. "जन्माचा दोष आहे" याचा अर्थ आम्ही "इजा नाही" असा घेतला. वास्तविक गोष्ट उलट आहे. दोन मणके जोडलेले असले की त्यांच्यातली हालचाल बंद होते आणि ती कसर वरच्या-खालच्या सांध्यांना भरून काढावी लागते. जोडीतला एक बैल बसला की सगळा ओढा दुसऱ्याच्या खांद्यावर येतो, तसे. त्यामुळे अशी मान साध्या पडण्यानेही दुखावू शकते. जन्मदोष सापडला की डॉक्टरांनी शेजारचे मणके अधिक बारकाईने पाहावेत, हाच शहाणपणा.

सुटी खुंटी तर तज्ज्ञांनाही कोड्यात टाकते. काही जण ती जन्माची मानतात. पण १९८० साली अमेरिकेतील डॉक्टरांनी असे रुग्ण मांडले, ज्यांचे लहानपणीचे एक्स-रे निर्दोष होते आणि पडल्यानंतर काही काळाने खुंटी सुटी आढळली. म्हणजे जो दोष जन्माचा वाटतो तो कधी कधी लहानपणी दुर्लक्षित राहिलेली मोड असू शकते.

याशिवाय तिसराही एक गडी आहे. तो म्हणजे झीज. वर्षानुवर्षे ओझे वाहणाऱ्याच्या आणि वय झालेल्या माणसाच्या मणक्यांना टोके येतात, गाद्या दबतात. असा माणूस तोंडावर पडला तर हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होऊ शकते, आणि तीत पायांपेक्षा हात जास्त लुळे पडतात. म्हातारपणी तर ओट्यावरून किंवा न्हाणीघरात घसरूनही दुसऱ्या मणक्याची खुंटी मोडते. "वयाने मान दुखते" म्हणून सोडू नये.

मुलांच्या बाबतीत

मुलांच्या मणक्यांची हाडे अजून जुळायची असतात. दुसऱ्या मणक्याची खुंटी व धड यांमधली रेघ साधारण सहा वर्षांपर्यंत दिसते, खुंटीचे टोक बाराव्या वर्षाच्या आसपास जुळते. ही नैसर्गिक रेघ मोडीसारखी दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांत दुसरा मणका तिसऱ्यावर किंचित सरकल्यासारखाही दिसतो, तेही पुष्कळदा नैसर्गिक असते. म्हणून डॉक्टरांना मुलाचे वय नेमके सांगावे. "असेल पाच-सात वर्षांचा" असे मोघम सांगू नये, जन्माचा दाखला किंवा लसीचे कार्ड न्यावे. उलटपक्षी, लहान मुलाचा एक्स-रे निर्दोष असूनही मज्जारज्जूला इजा झालेली असू शकते. हातापायात जोर कमी वाटला तर फोटोवर समाधान मानू नये.

तान्ह्या बाळाची मान जन्मानंतर काही आठवड्यांत एका बाजूला कलली व मानेच्या बाजूला गाठ लागली, तर बहुधा तो स्नायूचा दोष असतो आणि वेळीच व्यायाम सुरू केल्यास बहुतेक मुले सुधारतात. पण चांगल्या खेळत्या मुलाची मान एकाएकी वाकडी झाली, पडल्यानंतर किंवा घसा सुजल्यानंतर, तर ती वेगळी बाब आहे. तिला लगेच डॉक्टर दाखवावा.

फडात काय करावे ?

फडात, रस्त्यावर किंवा घरी "जन्माचे की माराचे" हा निवाडा कोणी करू नये. तिथे प्रत्येक दुखरी मान मोडलेली समजूनच वागावे. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ साली एक नियम प्रसिद्ध केला. शुद्धीवर असलेल्या माणसाचे वय ६५ किंवा अधिक असेल, तो तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडला असेल, डोक्यावर सरळ मार बसला असेल, किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर मानेचा फोटो काढलाच पाहिजे. आपल्या ट्रकची फळी आणि ट्रॉलीची उंची तीन फुटांवर सहज जाते, आणि मोळी डोक्यावरच असते. तेव्हा :

१) जखमीला उठवून बसवू नये. तो स्वतः उठत असेल तर पडून राहायला सांगावे. डोक्याखाली उशी, टॉवेल काही देऊ नये.

२) एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके आहे त्याच स्थितीत धरावे. वाकडी मान सरळ करायला जाऊ नये.

३) मान चोळणे, ओढणे, झटका देऊन "बसवणे" पूर्ण वर्ज्य. हातगुण कितीही प्रसिद्ध असो.

४) उलटी होत असेल तर तिघाचौघांनी डोके, खांदे, कंबर एका ओळीत धरून अंग एकदम कुशीवर करावे.

५) १०८ नंबरला फोन करावा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. आपल्याकडे हे सर्रास होते आणि फार घातक आहे.

६) हातापायाला मुंग्या, बधिरपणा, जोर कमी, लघवी अडणे, श्वास लागणे यांपैकी काही दिसले तर तसे दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगावे. पहिल्या दिवशी काही नसून नंतर आले, तरी पुन्हा न्यावे.

दवाखान्यात काय सांगावे, नोंदीत काय लिहावे ?

जुनी खूण ओळखायला जुनी माहिती लागते. मानेचे, छातीचे पूर्वीचे एक्स-रे असतील तर न्यावेत. हा माणूस लहानपणापासून मागे पाहायचे तर सगळे अंग वळवून पाहायचा का, शाळेत त्याच्या आखूड मानेवरून कोणी चिडवायचे का, पूर्वी कधी पडला होता का, हे घरच्यांनी सांगावे. पडण्याच्या आदल्या दिवशी तो किती मोळ्या वाहत होता, मान किती वळत होती, हेही सांगावे. काल चालणारी मान आज चालत नसेल, तर दोष जन्माचा असला तरी फरक कालचा आहे.

भरपाई किंवा विम्याच्या कागदांत नुसता "जन्मजात दोष" एवढाच शेरा घेऊन परतू नये. जुने काय आणि नवे काय हे वेगवेगळे लिहून देण्याची डॉक्टरांना नम्रपणे विनंती करावी. सगळे फोटो व कागद जपून ठेवावेत. तोडणी कामगार हंगाम संपताच गावी जातात, तेव्हा कागद त्यांच्याबरोबरच द्यावेत.

ज्यांना असा दोष असल्याचे कळले आहे त्यांनी घाबरू नये. बहुतेकांचे आयुष्य नेहमीसारखे जाते. मात्र डोक्यावर मोळी वाहणे, उंचावर चढणे, कुस्ती हे करावे की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. मुकादमांनी अशा माणसाला तोडणीचे काम द्यावे, वाहण्याचे देऊ नये. म्हणून त्याची उचल कापू नये. फळीला आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, दव असेल तर पोत्याने पुसून घ्यावी, मोळी आवाक्याची बांधावी. याला खर्च फारसा नाही.

आमच्या गटात त्या हंगामापासून एक रिवाज पाळला जातो. अपघाताच्या नोंदीत आम्ही रोगाचे नाव लिहीत नाही. किती वाजता, किती उंचीवरून, ओझे काय होते, पडल्यावर तो काय म्हणाला, हातपाय हलत होते का, दवाखान्यात केव्हा पोहोचला, एवढेच लिहितो. निदान डॉक्टरांनी लिहावे. "साहेब, मान आखडल्यागत झाली" हे त्या गड्याचे शब्द त्या दिवशी आम्ही जसेच्या तसे लिहिले असते, तर ते त्याच्या पुष्कळ कामी आले असते. सर्व सभासद, मुकादम व गाडीवानांनीही हाच रिवाज पाळावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.